रक्तदाब, मीठ आणि सर्पगंधा : कारण व परिणाम यांच्या अदलाबदलीचा इतिहास

वसई तालुक्यात चिंचोटीहून भिवंडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर कामण हे गाव आहे. त्याच्या एका अंगाला तुंगारेश्वराची डोंगररांग व कामणदुर्ग, तर दुसऱ्या अंगाला वसईच्या खाडीचे फाटे आणि खाजणे. डोंगरातील मुळ्या आणि खाडीतील मीठ या दोन्ही गोष्टींचा प्रस्तुत लेखाच्या विषयाशी निकटचा संबंध असल्यामुळे कामणचे हे स्थान आरंभीच लक्षात घेतलेले बरे.

या भागात, किंबहुना साऱ्या महाराष्ट्रात, प्रौढ माणसाच्या तोंडी एक वाक्य सहज येते : “मला बी. पी. आहे.” शब्दशः पाहिले तर या वाक्याला काही अर्थ नाही, रक्तदाब प्रत्येक जिवंत माणसाला असतोच, तो नसेल तर माणूस जिवंत नसतो. परंतु बोलणाऱ्याला काय म्हणावयाचे आहे हे ऐकणाऱ्यास अचूक कळते. मापाचे नाव हेच रोगाचे नाव झाले आहे. ताप, खोकला, पटकी, देवी ही नावे माणसाने आपल्या शरीरावर जे पाहिले वा भोगले त्यावरून पडली. उच्च रक्तदाब बहुधा जाणवतच नाही. तो आहे हे आपल्याला उपकरण सांगते. उपकरणापूर्वी तो शरीरात होता यात शंका नाही, पण इतिहासात नव्हता. तो इतिहासात कसा आला, आणि आल्यावर प्रथम त्याला शरीराच्या विकृतीचा परिणाम व पुढे तिचे कारण असे का मानण्यात आले, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

येथे एका मोहाचा आधीच बंदोबस्त केला पाहिजे. आपल्या बखरींतून व पत्रव्यवहारांतून अकस्मात मृत्यूंची, अर्धांगवायूची, धाप लागून खंगत गेलेल्या पुरुषांची वर्णने पुष्कळ सापडतात. १७३९ मध्ये ज्याने वसईचा किल्ला घेतला तो चिमाजी आप्पा पुढील वर्षाच्या अखेरीस, ऐन उमेदीत निवर्तला. त्याच वर्षी काही महिने आधी थोरला बाजीराव गेला. अशा व्यक्तींच्या दुखण्यांवर आजच्या रोगांची नावे चिकटविण्याची हौस अभ्यासकांना अधूनमधून होते. रक्तदाबाच्या बाबतीत ही हौस सर्वथा निराधार होय. कारण जेथे मोजमाप नाही तेथे या रोगाला पुरावाच असू शकत नाही. इतिहासकाराने येथे गप्प बसणे हेच योग्य.

मोजमापाची कथा इंग्लंडातील एका धर्मोपदेशकापासून सुरू होते. विल्यम हार्वे याने रक्ताभिसरणाचा सिद्धान्त १६२८ मध्ये प्रसिद्ध केला, परंतु ते रक्त किती जोराने वाहते हे त्याने मोजले नव्हते. टेडिंग्टन येथील पाद्री स्टीफन हेल्स याने एका घोडीच्या मांडीतील रोहिणीत पितळी नळी घालून तिला उभी काचनळी जोडली. रक्त त्या नळीत आठ फूट तीन इंच चढले. हा प्रयोग त्याने १७३३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. प्रयोग थोर खरा, पण माणसावर करता येण्याजोगा नव्हता. पुढे १८२८ मध्ये प्वासय याने उंच काचनळीच्या जागी पाऱ्याची आखूड नळी आणली, आणि तेव्हापासून रक्तदाब पाऱ्याच्या मिलिमीटरांत सांगण्याचा प्रघात पडला. तरीही रोहिणी छेदल्यावाचून दाब कळत नसे. मनगटावर नाडीचा आलेख काढणारे यंत्र १८६० च्या सुमारास मारे याने फ्रान्समध्ये सिद्ध केले. ते दाबाचा आकडा देत नसले तरी नाडीचा ताण किती आहे याचा अंदाज त्यावरून बांधता येई.

त्या यंत्राचा सर्वांत बुद्धिमान उपयोग ज्याने केला त्याचे नाव आपल्याकडील वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनाही क्वचितच ठाऊक असते. फ्रेडरिक अकबर महोमेद हा लंडनच्या गाय रुग्णालयातील वैद्य. त्याचा आजोबा शेख दीन महोमेद पाटण्याचा. १८१० मध्ये लंडनमध्ये हिंदी खाद्यगृह उघडणारा आणि पुढे ब्रायटनला चंपीची स्नानगृहे चालविणारा हा गृहस्थ साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहे. नातवाच्या वेळची स्थिती अशी होती : १८२७ नंतरच्या दशकात रिचर्ड ब्राइट याने, याच गाय रुग्णालयात, मूत्रपिंडे आकसलेल्या रुग्णांचे हृदय मोठे झालेले असते हे शवविच्छेदनांवरून दाखविले होते. त्यावरून सर्वांचे अनुमान असे की मूत्रपिंड आधी बिघडते व दाब मागून चढतो. महोमेदने १८७० नंतरच्या दशकात नाडीचे आलेख काढून दाखविले की लघवीत कोणताही दोष नसलेल्या, वरवर निरोगी दिसणाऱ्या माणसांतही नाडीचा ताण वाढलेला असतो आणि मूत्रपिंडांची व रोहिण्यांची हानी पुष्कळदा त्यानंतर होते. म्हणजे ज्याला परिणाम समजत होते ते कारण असू शकते. हा विचार आजच्या ज्ञानाशी इतका जुळतो की तो शतकभर अडगळीत का पडला असा प्रश्न पडावा. त्याचे एक साधे कारण असे की महोमेद १८८४ मध्ये विषमज्वराने वारला, तेव्हा त्याचे वय अवघे पस्तीस वर्षांचे होते. दुसरे कारण, त्याच्यापाशी आकडा नव्हता.

आकडा मिळाला तो १८९६ मध्ये. इटलीतील तुरीन येथे शिपिओने रिवा-रोच्ची याने दंडाभोवती रबरी पट्टा गुंडाळून, त्यात हवा भरून, मनगटाची नाडी बंद पडेपर्यंतचा दाब पाऱ्याच्या नळीवर वाचला. १९०५ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथील निकोलाय कोरोत्कोव्ह याने पट्ट्याखालच्या रोहिणीवर श्रवणनलिका ठेवली, तेव्हा आवाज सुरू होण्याचा व थांबण्याचा असे दोन बिंदू सापडले. हृदय आकुंचन पावताना असणारा वरचा आकडा आणि ते शिथिल होताना उरणारा खालचा आकडा हे आज दवाखान्याच्या कागदावर एकमेकांवर लिहिलेले दिसतात ते या दोघांमुळे.

यानंतरची तीस-चाळीस वर्षे वैचारिक दृष्ट्या फार विलक्षण आहेत. उपकरण हाती होते, आकडे रोज मिळत होते, आणि तरीही पुष्कळ थोर वैद्य त्या आकड्याकडे शत्रू म्हणून पाहावयास तयार नव्हते. १९११ मध्ये एबरहार्ड फ्रँक या जर्मन वैद्याने, ज्या रक्तदाबवाढीचे मूळ मूत्रपिंडात वा अन्यत्र सापडत नाही तिला जे विशेषण लावले त्याचा आशय ‘स्वतःसिद्ध’ असा होता. इंग्रजीत त्याच शब्दाला ‘आवश्यक’ अशीही छटा आहे, आणि शब्दाच्या या दुहेरीपणाने विचाराला बळ मिळाले असावे असे वाटते. रोहिण्या अरुंद व कठीण झाल्या की मेंदूला आणि मूत्रपिंडांना रक्त पोचविण्यासाठी हृदय दाब वाढविते. तो उतरविला तर इंद्रिये उपाशी राहतील, असा युक्तिवाद होता. अमेरिकेतील नामवंत हृद्रोगतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट यांनी १९३१ मध्ये, दाब खात्रीने उतरविता आला तरी त्यात ढवळाढवळ करू नये, अशा आशयाचे मत मांडले होते. एवढ्या अनुभवी वैद्याने असे लिहावे याचे आज नवल वाटते. पण त्या काळी दाब उतरविणारे भरवशाचे औषध नव्हते, आणि जे करता येत नाही ते करणे इष्टही नाही असे मानण्याकडे मनुष्याच्या मनाचा कल असतो.

गमतीची गोष्ट अशी की वैद्यांच्या आधी हे सत्य विमा कंपन्यांच्या हिशेबनिसांस उमगले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून अमेरिकेतील आयुर्विमा कंपन्या अर्जदारांचा दाब मोजू लागल्या होत्या. १९२५ मध्ये त्यांच्या संयुक्त अहवालातून, दाब जसजसा चढता तसतसे आयुष्य उतरते, हे स्पष्ट झाले. कारण कोणते व परिणाम कोणता या वादात हिशेबनिसांना रस नव्हता; त्यांना मृत्यू मोजावयाचे होते.

राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रोगवृत्तान्त या काळाचे चित्र पुरेसे स्पष्ट करतो. मार्च १९४४ मध्ये त्यांचा दाब १८६/१०८ होता, फेब्रुवारी १९४५ मधील याल्टा परिषदेच्या वेळी २६०/१५०, आणि १२ एप्रिल १९४५ रोजी, मेंदूत रक्तस्राव होऊन मृत्यू आला त्या दिवशी, ३००/१९०. जगातील सर्वांत सामर्थ्यशाली माणसाजवळ उत्तम वैद्य होते, उत्तम रुग्णालये होती. त्याला देता येण्यासारखे होते ते विश्रांती, अळणी पथ्य, डिजिटॅलिस आणि गुंगीची औषधे.

याच सुमारास आपल्या वर्धा जिल्ह्यात दुसऱ्या एका माणसाचा दाब मोजला जात होता. डिसेंबर १९३५ मध्ये वर्ध्यास महात्मा गांधी आजारी पडले. दाब वाढल्याचे आढळून डॉ. जीवराज मेहता यांनी त्यांना सक्तीची विश्रांती सांगितली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नोंदींनुसार २६ ऑक्टोबर १९३७ रोजी त्यांचा दाब १९४/१३०, तर १९ फेब्रुवारी १९४० रोजी २२०/११० होता. या आकड्यांसह त्यांनी सेवाग्राम चालविले, १९४२ चे आंदोलन पुकारले, आगाखान पॅलेसमधील एकवीस दिवसांचा उपवास केला. मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. गिल्डर तेथे त्यांच्यासह बंदिवासात होते व त्यांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवून होते. रूझवेल्ट आणि गांधी यांच्या उपचारांत फरक फारसा नव्हता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. त्या दशकात या रोगापुढे संपन्न देश आणि परतंत्र देश सारखेच निरुपाय होते.

चढलेला दाब शरीराचे नेमके काय करतो याचे चित्र मात्र तोवर पुरेसे स्पष्ट झाले होते, आणि ते बहुतांशी शवागारातून आले होते. दाब म्हणजे हृदयाने एका मिनिटात फेकलेले रक्त आणि सूक्ष्म रोहिण्यांनी त्याला केलेला विरोध यांचा गुणाकार. विरोध वाढला की डाव्या जवनिकेला प्रत्येक ठोक्याला अधिक बळ लावावे लागते. तिची भिंत व्यायाम करणाऱ्याच्या दंडाप्रमाणे जाड होते, मग ताठर होते, आणि अखेरीस थकून पसरते. हृदय हरते ते असे. मेंदूच्या आतील बारीक रोहिण्यांवर शार्को आणि बुशार यांना १८६८ मध्ये लहान लहान फुगे आढळले होते; असा फुगा फुटला की एका क्षणात अर्धे अंग लुळे पडते. मूत्रपिंडातील गाळण्या जाड भिंतींमुळे बुजत जातात, आणि बुजलेली मूत्रपिंडे उलट दाब चढवितात. डोळ्याचा पडदा हे शरीरातील एकमेव स्थान की जेथे जिवंत माणसाच्या रोहिण्या उघड्या पाहता येतात. तेथील बदलांवरून १९३९ मध्ये कीथ, वॅगनर व बार्कर यांनी रुग्णांचे चार वर्ग पाडले. त्यांच्या चौथ्या वर्गातील बहुतेक रुग्ण वर्षभरात दगावत. इंद्रिये उपाशी राहू नयेत म्हणून दाब चढतो हा युक्तिवाद ज्याने एकदा असा डोळा पाहिला त्याला पटणे कठीण होते.

आता कारणाकडे वळू. १९३४ मध्ये हॅरी गोल्डब्लाट याने कुत्र्याच्या मूत्रपिंडाची रोहिणी चिमट्याने आवळून दाब चढवून दाखविला. त्यातून मूत्रपिंडातील रेनिन या द्रव्याची, म्हणजे १८९८ मध्येच सापडून विस्मृतीत गेलेल्या शोधाची, पुन्हा आठवण झाली. मूत्रपिंड रेनिन सोडते, त्यातून रोहिण्या आवळणारे द्रव्य तयार होते, तेच पुढे शरीरात मीठ व पाणी राखून ठेवण्यास भाग पाडते. या साखळीत मीठ येते, आणि मिठाबरोबर आपण पुन्हा खाडीकाठी येतो.

वसईच्या खाडीच्या दोन्ही तीरांवर, भाईंदरपासून नायगाव-जूचंद्रापर्यंत, मिठागरे होती व काही अजून आहेत. उधाणाच्या भरतीचे पाणी उघाडीतून आत घ्यावयाचे, बांधांच्या आड उन्हात आटवावयाचे, मार्गशीर्ष-पौषापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत मीठ ओढून राशी घालावयाच्या. आगरी समाजाचे नाव या आगरांवरूनच पडले. कोकणचे मीठ वंजाऱ्यांच्या बैलांवर लादून घाटमाथ्यावर जात असे. हा सारा आर्थिक इतिहास सुपरिचित आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश सरकारने मिठावर जो कर बसविला तो १८८८ पासून दर मणास अडीच रुपये होता. १९०३ नंतर तो टप्प्याटप्प्याने उतरून १९०७ मध्ये एक रुपयावर आला आणि १९२३ मध्ये वर्षभरासाठी पुन्हा अडीच रुपये झाला. या कराविरुद्धच्या वाङ्मयात एक युक्तिवाद पुनःपुन्हा येतो : गरिबाला शरीरास आवश्यक तेवढेही मीठ मिळत नाही, त्यामुळे माणसे आणि गुरे दोन्ही रोगट होतात.

म्हणजे पन्नास-साठ वर्षांत मिठाविषयीचा आरोग्यविषयक आरोप नेमका उलटा झाला. आधी तक्रार अभावाची होती, मग अतिरेकाची. या उलटापालटीवरून मिठाच्या कराने अजाणता लोकांचे रक्षण केले असा चतुर निष्कर्ष काढण्याचा मोह कोणास झाला तर तो आवरावा. कर अन्याय्य होता तो दारिद्र्यावर बसविला होता म्हणून. आणि वैशाखाच्या उन्हात मिठागरात वा भाताच्या रोपवाटिकेत घाम गाळणाऱ्या माणसाची मिठाची गरज बैठ्या माणसाच्या गरजेहून वेगळी असते. एकाच द्रव्याची दोन शरीरांत दोन मूल्ये असू शकतात. शिवाय ज्या पुढाऱ्याने ६ एप्रिल १९३० रोजी दांडीस मीठ उचलले त्याने स्वतः दक्षिण आफ्रिकेत असताना कस्तुरबांच्या आजारात त्यांना धीर यावा म्हणून मीठ आणि डाळी सोडल्या होत्या. मीठ खावे की न खावे आणि मिठावर कर असावा की नसावा हे दोन प्रश्न त्याने कधी एकमेकांत मिसळले नाहीत. आपणही मिसळू नयेत.

मीठ व दाब यांचा संबंध फ्रान्समध्ये अम्बार व बोझार यांनी १९०४ मध्येच सुचविला होता. तो डोळ्यांत भरला तो मात्र भातामुळे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात वाल्टर केम्पनर या निर्वासित जर्मन वैद्याने १९४० नंतर दुर्धर रुग्णांना बिनमिठाचा भात, फळे आणि साखर एवढ्यावर ठेवले. पुष्कळांचा दाब उतरला, मोठी झालेली हृदये आकसली, डोळ्यांच्या पडद्यावरील सूज ओसरली. आहार इतका कंटाळवाणा होता की थोडेच रुग्ण तो निभावीत. पण दाब उतरला तरी इंद्रिये उपाशी मरत नाहीत, उलट सुधारतात, ही गोष्ट त्याने सिद्ध केली. १९६० मध्ये लुई डाल याने पाच जनसमूहांची तुलना मांडली : अलास्कातील एस्किमो दिवसाला सुमारे ४ ग्रॅम मीठ खात व त्यांच्यात हा रोग जवळजवळ नव्हता, उत्तर जपानातील शेतकरी सुमारे २६ ग्रॅम खात आणि त्यांच्यातील चाळीस टक्क्यांच्या आसपास लोकांचा दाब चढलेला होता. पाच बिंदूंवरून रेषा ओढणे धाडसाचे होते, आणि टीका झालीच. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३२ देशांतील ५२ केंद्रांच्या पाहणीत आपल्याकडील दिल्ली व लडाख यांचाही समावेश होता. समूहासमूहांमधील संबंध तीत डालने दाखविला तेवढा प्रखर आढळला नाही. परंतु मीठ अत्यल्प असलेल्या समूहांत वयाबरोबर दाब चढत नाही, हे त्यातून पक्के झाले. वय वाढले की दाब वाढावयाचाच, हा नियम निसर्गाचा नसून आपल्या स्वयंपाकघराचा आहे असा त्याचा अर्थ होतो.

उत्तर जपानातील ते मीठ खारवलेल्या भाज्यांतून व मासळीतून येत असे, हे वाचताना कोकणचा वाचक थबकल्यावाचून राहणार नाही. येथे एक बारकावा नमूद करणे इष्ट. वसई-अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर वाळत घातलेला बोंबील हा बहुधा नुसत्या उन्हा-वाऱ्याने सुकतो. खारवतात ती जाड मांसाची मासळी. सुकी मासळी सरसकट दोषी ठरविणे बरोबर नाही. आपल्या ताटातील मीठ बव्हंशी हाताने घातलेले असते : पेजेतले, आमटीतले, लोणच्यातले, पापडातले. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मिठाची मर्यादा सांगितली आहे. भारतातील पाहण्यांवरून आपण सरासरीने त्याच्या जवळजवळ दुप्पट मीठ खातो असे दिसते.

मीठ हे एकमेव कारण नव्हे. वंश, स्थूलता, मद्य, बैठे जीवन, मानसिक ताण यांचेही भाग आहेत, आणि कोणत्या माणसात कोणाचा किती हे सांगता येत नाही. १९५० नंतरच्या दशकात इंग्लंडात जॉर्ज पिकरिंग आणि रॉबर्ट प्लॅट यांच्यात यावरून दीर्घ वाद झाला. प्लॅट यांच्या मते हा स्वतंत्र, आनुवंशिक रोग होता. पिकरिंग यांच्या मते निरोगी आणि रोगी यांच्यामध्ये कोठेही दरी नाही, उंचीप्रमाणेच दाबाचीही सलग श्रेणी आहे आणि रेषा आपण ओढतो. आज पिकरिंग यांचा पक्ष मान्य आहे. १४०/९० ही रेषा बहुतेक ठिकाणी धरली जाते. अमेरिकेत २०१७ मध्ये ती १३०/८० वर आणली गेली आणि एका दिवसात लक्षावधी माणसे रोगी झाली. इतिहासाचे कालखंड पाडणाऱ्यांना ही अडचण अपरिचित नाही.

खाडीकडून आता डोंगराकडे. सर्पगंधा हे दीड-दोन हात उंचीचे झुडूप सह्याद्रीच्या व कोकणाच्या ओलसर रानांत आणि हिमालयाच्या पायथ्याशी आढळते. तिची मुळी सर्पदंशावर, निद्रानाशावर आणि उन्मादावर देण्याची रीत जुनी आहे. बिहारात तिला वेडाचे औषध म्हणूनच ओळखत. १५३४ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली त्याच वर्षी, गार्सिया द ओर्ता हा वैद्य हिंदुस्थानात आला. पुढे मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होते. त्याने १५६३ मध्ये गोव्यास छापलेल्या संवादग्रंथात सर्पविषावरील मुळ्यांचे वर्णन केले आहे, आणि त्यांपैकी एक सर्पगंधा असावी असे वनस्पतिज्ञ मानतात. तिला शास्त्रीय नाव मिळाले ते मात्र रौवोल्फ या जर्मन वैद्याच्या स्मरणार्थ, जो हिंदुस्थानात कधी आलाच नव्हता.

आधुनिक इतिहास १९३१ पासूनचा आहे. त्या वर्षी कलकत्त्यास गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधा उन्मादावर व उच्च रक्तदाबावर गुणकारी असल्याचे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी तिच्या मुळातून अनेक अल्कलॉइडे वेगळी काढली व एकाला हकीम अजमलखानांचे नाव दिले. १९३३ मध्ये रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांवर प्रयोग करून दाब उतरतो हे दाखविले. यानंतर मुळीच्या चूर्णाच्या गोळ्या देशात सर्रास विकल्या जाऊ लागल्या. व्हाइट यांचे ढवळाढवळ न करण्याविषयीचे मतही याच १९३१ मधील आहे. एकीकडे दाब उतरवू नये असे शास्त्र सांगत असताना दुसरीकडे कलकत्त्याचे वैद्य तो उतरवीत होते. पण ते लेख भारतीय नियतकालिकांत होते, आणि भारतीय नियतकालिके बाहेर कोणी वाचीत नव्हते.

ही कोंडी मुंबईत फुटली. रुस्तम जाल वकील (१९११–१९७४) हे परळच्या केईएम रुग्णालयातील हृद्रोगतज्ज्ञ. त्यांनी कित्येक वर्षे सर्पगंधेचा उपयोग करून, नंतर ५० रुग्णांवर काळजीपूर्वक चाचणी घेऊन, तिचा वृत्तान्त १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. त्या लेखाचे महत्त्व शोधाच्या नवेपणात नाही, कारण औषध नवे नव्हते. महत्त्व पद्धतीत आहे. रुग्णास आधी काही काळ औषधाविना ठेवावयाचे, दाब पुनःपुन्हा मोजावयाचा, मग गोळ्या द्यावयाच्या, त्या थांबविल्यावर दाब केव्हा परत चढतो हेही पाहावयाचे. औषध सावकाश लागू पडते, सावकाश उतरते, नाक चोंदते, थोडी सुस्ती येते, आणि रुग्ण शांत होतो, हे सर्व त्यात नोंदले गेले. बॉस्टन येथील रॉबर्ट विल्किन्स यांनी तो लेख वाचून मुळी मागविली व आपल्या रुग्णांवर तिचा प्रत्यय घेतला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या म्युलर, श्लिट्लर व बाइन यांनी तिच्यातील मुख्य द्रव्य, रेसर्पिन, वेगळे केले. १९५६ मध्ये वुडवर्ड यांनी ते प्रयोगशाळेत संपूर्णपणे तयार केले. वकील यांना १९५७ मध्ये अमेरिकेतील लास्कर पारितोषिक आणि १९५८ मध्ये पद्मभूषण मिळाले.

श्रेय कोणाचे, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. स्विस कंपनीने द्रव्य काढले, कलकत्त्याने गुण ओळखला, मुंबईने तो जगास पटेल अशा रीतीने सिद्ध केला. आणि या सर्वांआधी ज्यांनी मुळी उपटून उगाळून दिली त्यांची नावे कोठेही नाहीत. प्रस्तुत लेखकाच्या मते वकील यांचे मोठेपण हे की त्यांनी शोधाचा दावा केला नाही, निरीक्षणाचा केला. त्यांच्या लेखाने आणखी एक गोष्ट घडली. दाब सुखाने उतरविणारे औषध हाती आल्यावर, तो उतरवावा की नाही या प्रश्नाचा रंगच बदलला. उपाय नसताना जो परिणाम होता तो उपाय सापडल्यावर कारण झाला. १९६७ व १९७० मध्ये अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एडवर्ड फ्राइस यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या चाचण्यांनी, दाब उतरविल्यास पक्षाघात व हृदयाचा बिघाड टळतो, हे निर्विवाद दाखविले. त्या चाचण्यांत दिलेल्या तीन औषधांपैकी एक रेसर्पिन होते. महोमेदने जे आलेखांवरून ताडले होते ते नव्वद वर्षांनी या रीतीने सिद्ध झाले.

रेसर्पिनचा उत्तरकाळ मात्र दुःखद आहे. ते मज्जातंतूंच्या टोकांशी साठविलेले उत्तेजक द्रव्य रिकामे करते. रोहिण्या सैल पडतात त्या त्यामुळे, आणि काही रुग्णांना गाढ खिन्नता येते तीही त्यामुळेच मानली गेली. गंमत अशी की या दोषातूनच मेंदूतील रसायनांचे शास्त्र वाढले : अर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये रेसर्पिनने निश्चेष्ट झालेल्या सशांना एल-डोपा देऊन पुन्हा हालते केले, आणि त्या मार्गाने कंपवाताचे औषध आले. १९७४ मध्ये स्तनाच्या कर्करोगाशी रेसर्पिनचा संबंध जोडणारे तीन लेख एकाच वेळी आले. पुढील अभ्यासांत तो टिकला नाही, परंतु औषधाचे नाव गेले ते गेले. तोवर नवी औषधेही आली होती. इकडे मुळीची मागणी एवढी वाढली होती की रानेच्या राने उपटली गेली; १९५० नंतरच्या दशकातच निर्यातीवर निर्बंध घालावे लागले, आणि १९९० मध्ये सर्पगंधेचे नाव संकटग्रस्त वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेले. १९६३ मध्ये त्याच सिबा कंपनीने गोरेगाव येथे संशोधनकेंद्र उघडले व ते रसायनज्ञ टी. आर. गोविंदाचारी यांच्या हाती दिले. वसईहून गाडीने अर्ध्या तासाचे ते अंतर.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत प्रौढांपैकी ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब आढळला. त्यांतील पुष्कळांना तो आपल्याला आहे हे ठाऊक नसते, आणि ठाऊक असलेल्यांपैकीही पुष्कळ जण बरे वाटते म्हणून गोळी सोडतात. ज्या रोगाची वेदना नाही त्याचे औषध रोज घ्यावे, हे पटविणे वकिलांच्या काळी जितके कठीण होते तितकेच आजही आहे. कामणच्या परिसरात आता गोदामे व कारखाने उभे आहेत. रात्रपाळी, विकतचा खारट फराळ आणि बैठे काम ही नवी कारणे तेथे जुन्या मिठात मिसळली आहेत.

केंद्र शासन, राज्य शासने, वैद्यकीय संशोधन परिषद आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो कार्यक्रम २०१७ च्या अखेरीस आरंभिला, त्यात दाब मोजणे, मोजक्या औषधांचा ठराविक क्रम आणि उपकेंद्रापर्यंत गोळ्यांचा अखंड पुरवठा एवढ्याच गोष्टींवर भर आहे. महाराष्ट्रात पहिल्या टप्प्यासाठी चार जिल्हे निवडले गेले : भंडारा, सातारा, वर्धा आणि सिंधुदुर्ग. वर्ध्यात गांधींचा दाब मोजला गेला होता. सिंधुदुर्गातील शिरोडे येथे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला होता. निवड करणाऱ्यांच्या मनात यांपैकी काही असण्याचा संभव नाही. त्या पहिल्या यादीत पालघर जिल्हा नव्हता.